सूक्ष्म अर्थशास्त्र: आधी माणूस वाचावा की आधी वक्र?

सीमांत_उपयोगी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेल्या सहा वर्षांत मी सूक्ष्म अर्थशास्त्र तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा एकाच प्रकरणात सोडलं. समवृत्ती वक्र, म्हणजे दोन वस्तूंच्या ज्या जोड्या माणसाला सारख्याच पसंत, त्या जोडणारी रेघ. पेशा संगणकाचा, त्यामुळे गणिताची भीती नाही. उतार काढता येतो, स्पर्शबिंदूही काढता येतो. घोडं अडतं ते त्याच्या आधीच्या वाक्यावर: ‘उपभोक्ता विवेकी आहे असे समजू.’ बरं, समजलो. पुढच्या पानावर हाच गृहस्थ दोन वस्तूंच्या असंख्य जोड्या मनात क्रमाने मांडून बसलेला असतो. शेजाऱ्याला काय मिळालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आरशातही नाही.

चौथ्यांदा मी उलट्या टोकाने शिरलो. सुरुवात केली अल्टिमेटम गेमपासून. ग्यूट, श्मिटबर्गर आणि श्वार्त्से या तीन जर्मन संशोधकांचा १९८२ चा प्रयोग. दोन अनोळखी माणसं. एकाला ठरावीक रक्कम देतात, ती कशी वाटायची हे तो सुचवतो. दुसऱ्याने ‘हो’ म्हटलं तर तशी वाटणी होते, ‘नाही’ म्हटलं तर दोघांच्याही हाती भोपळा. पुस्तकी उपभोक्ता शंभरातला एक रुपयाही मुकाट घेईल, कारण शून्यापेक्षा एक मोठा. प्रत्यक्षात सुचवणारे साधारण चाळीस ते पन्नास टक्के देऊ करतात, आणि वीस टक्क्यांच्या खालची वाटणी बऱ्याचदा धुडकावली जाते. म्हणजे अन्याय करणाऱ्याला धडा शिकवायला लोक पदरचे पैसे मोजतात.

मग कानेमान, नेच आणि थेलर यांचं १९८६ चं फावड्याचं उदाहरण वाचलं. दुकानात बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला आहेत, रात्री मोठं हिमवादळ होतं, सकाळी दुकानदार भाव २० करतो. कॅनडातल्या ८२ टक्के उत्तरदात्यांनी याला अन्याय म्हटलं. मागणी वाढली की किंमत वाढते हा तर या विषयाचा पहिला धडा, आणि शंभरातल्या ८२ माणसांना तो धडाच आवडत नाही!

या वाटेने विषय पहिल्यांदाच जिवंत वाटतोय. आता बेत असा आहे: आधी माणसाचं वागणं, मग न्याय, मग प्रदूषण आणि सामायिक साधनं, आणि वक्र सगळ्यात शेवटी. जाणकारांनी सांगावं, चालेल का? की घराला आधी छप्पर घालतोय?

---

फुकट्या_प्रवासी

वाचनखूण साठवली. माझ्या आयडीचा अर्थ तुम्हाला सार्वजनिक वस्तूंच्या प्रकरणात कळेल. तोपर्यंत इतरांनी लिहावं, मी वाचतो.

---

जुनी_वही

अहो सीमांत, छप्परच आधी घालताय, पण ओरडणार नाही. पंचवीस वर्षं हा विषय शिकवल्यावर एवढं कळलंय की मुलं ज्या वाक्यावर अडतात तिथे बहुधा खरोखरच खड्डा असतो. तुमच्या वाक्याकडे नंतर येते.

आधी त्या बिचाऱ्या विवेकी उपभोक्त्याची वकिली करू द्या. व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ पासून वर्गातल्या मुलांना विक्रेते आणि ग्राहक करून बाजार भरवले. प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःचा आकडा, दुसऱ्याचा कुणालाच माहीत नाही. ओरडून बोली लावायची. स्मिथ यांना स्वतःला वाटत होतं की पुस्तकातला समतोल काही येणार नाही. पण फेऱ्या होत गेल्या तसा भाव मागणी-पुरवठ्याच्या छेदबिंदूशी येऊन टेकला. १९६२ मध्ये तो निबंध आला आणि २००२ मध्ये स्मिथ यांना नोबेल मिळालं. गंमत अशी की त्याच वर्षी तेच पारितोषिक त्यांच्याबरोबर तुमच्या फावडेवाल्या कानेमान यांनाही मिळालं. एकाने दाखवलं की माणसं विवेकी नसली तरी बाजार चालू शकतो, दुसऱ्याने दाखवलं की माणसं नेमकी कुठे आणि कोणत्या दिशेला घसरतात. ही दोन्ही पुस्तकं एका फळीवर ठेवा.

दुसरं, अल्टिमेटम गेमवर फार भाळू नका. ईशान्य भारतातल्या खेड्यांमध्ये हाच खेळ २० रुपयांपासून थेट २०,००० रुपयांपर्यंत खेळवला गेला. तो निबंध २०११ चा आहे. रक्कम वाढली तसे नकार घटले आणि सगळ्यात वरच्या रकमेला जवळजवळ संपले. बाणेदारपणालाही मागणी वक्र असतो, बाळा. महाग झाला की माणूस कमी घेतो.

---

सीमांत_उपयोगी

ताई, ‘बाणेदारपणालाही मागणी वक्र असतो’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

आमच्या अभ्यासगटात आम्ही आठ जणांनी चिठ्ठ्या टाकून हा खेळ खेळून पाहिला. पैसे नव्हते, नुसते गुण. याला प्रयोग म्हणण्याचं धाडस करत नाही. पण एकाने दहातले तीन नाकारले आणि पुढचा अर्धा तास तो तावातावाने कारणं देत होता. ते तीन गुण घेऊन त्याला काहीच करता येणार नव्हतं, आणि नाकारूनही काही जाणार नव्हतं. तरी कान लाल!

---

खडूस_वाचक

चर्चेत विरजण घालायला आलोय.

वर्तनवादी अर्थशास्त्राच्या, म्हणजे माणूस प्रत्यक्षात कसा वागतो ते पाहणाऱ्या शाखेच्या, गोष्टी कानाला गोड लागतात, म्हणूनच त्या चाळणीतून काढायला हव्यात. फॉर्मच्या तळाऐवजी सुरुवातीला सही घेतली की लोक जास्त प्रामाणिकपणे भरतात, हा २०१२ चा निबंध आठवतोय? जगभर त्याचे दाखले दिले गेले. २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारीच बनावट निघाली.

आणि ‘नज’, म्हणजे सक्ती न करता हळूच ढोसणं. २०२२ मध्ये डेलाविन्या आणि लिनोस यांनी हिशेब मांडला. विद्यापीठीय नियतकालिकांत छापून आलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदूंचा. सरकारसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या गटांनी अमेरिकेत केलेल्या सगळ्या प्रयोगांत, म्हणजे छापलेले-न छापलेले सगळे धरून, १.४. १.४ म्हणजे काहीच नाही असं नव्हे. पण त्यावर पृथ्वी वाचत नाही.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. शेजाऱ्यांपेक्षा कमी वीज वापरली म्हणून वीजबिलावर हसरा चेहरा छापला की घरटी दोनेक टक्के वीज वाचते, हे वाचून सगळे खूश होतात आणि धुराड्यांवर कर बसवायचा विषय बाजूला पडतो.

---

धुरांडे

खडूसराव, आमच्या नावाने शिमगा झालाच आहे तर बोलतो. मी प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणा बसवण्याचं काम करतो, अर्थशास्त्र नंतर शिकलो.

शेवटच्या मुद्द्याशी सहमत. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच सांगितलं होतं की कारखान्याच्या धुराचा खर्च शेजाऱ्याच्या फुप्फुसावर पडत असेल तर तेवढा कर कारखान्यावर लावा. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडला कमाल मर्यादा घातली आणि त्या मर्यादेतले परवाने विकायला-घ्यायला मोकळीक दिली. उत्सर्जन घटलं, आणि तेही आधीच्या अंदाजांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात. स्वीडनमध्ये १९९१ पासून कार्बन कर आहे. या गोष्टी हसऱ्या चेहऱ्यांनी झालेल्या नाहीत.

पण म्हणून ‘किंमत लावा, वागणं सुधारेल’ एवढ्यावर थांबू नका. मला कित्येक महिने छळलेलं कोडं देतो.

पहिली गोष्ट इस्रायलमधल्या हैफा शहरातली. ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांनी दहा पाळणाघरं वीस आठवडे पाहिली. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांनी दंड लावला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की मुलामागे १० शेकेल. उशीर करणारे कमी होण्याऐवजी साधारण दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यात दंड काढला, तरी उशीर खाली आला नाही. हा निबंध २००० सालचा.

दुसरी आयर्लंडमधली. मार्च २००२ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंट आकारणी आली. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत, त्या २१ वर आल्या.

दोन्हीकडे रक्कम किरकोळ. दोन्हीकडे आधी जे फुकट होतं त्याला किंमत लागली. मग एकीकडे वागणं बिघडलं आणि दुसरीकडे सुधारलं, ते का?

---

तिसरी_घंटा

सोपं आहे. पाळणाघरात दंड कमी पडला. दहापट लावा, सगळे वेळेवर येतील.

---

धुरांडे

येतीलही. लेखकांनाही ते अमान्य नाही. पण लहान दंडाने उशीर कमी का झाला नाही एवढाच प्रश्न नाही, तो वाढला का हाही आहे. मागणी वक्राने एवढंच सांगितलं असतं की किंमत शून्यावरून १० झाली, तर मागणी थोडी तरी घटेल.

---

सीमांत_उपयोगी

मी प्रयत्न करतो. दंडाच्या आधीही किंमत शून्य नव्हती. बाई मुलाला घेऊन दारात ताटकळत उभ्या आहेत, त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागते. ती ओशाळवाणी दोन मिनिटं ही किंमतच होती, आणि ती १० शेकेलपेक्षा जड होती. दंड लावल्यावर पालकांनी हिशेब केला की आता मी पैसे देतोय, म्हणजे ही विकत घेतलेली सेवा झाली. शरम गेली, आकडा उरला. म्हणजे प्रत्यक्षात भाव उतरला! मग मागणी वाढणारच.

आयर्लंडमध्ये उलटं झालं असावं. पिशवी आधी न मागताच हातात पडायची, त्यात शरमेचा प्रश्नच नव्हता. आकारणी आल्यावर पिशवी मागावी लागू लागली, तीही रांगेतल्या लोकांसमोर. १५ सेंट खिशातून जातात आणि वर चारचौघांत ‘हा अजून पिशवी घेतो’ हेही. शिवाय त्या आकारणीमागचं कारण लोकांना पटलेलं होतं.

---

जुनी_वही

शाबास. पैकीच्या पैकी.

भर एवढीच घालते की किंमत हा आकडा असतो आणि निरोपही असतो. पाळणाघराच्या दंडातून पालकांना निरोप गेला की उशीर हा एवढासाच गुन्हा आहे, दर ठरलेला आहे. पिशवीच्या आकारणीतून निरोप गेला की ही वस्तू आता नेहमीची राहिलेली नाही. आणि निरोप एकदा पोचला की परत घेता येत नाही, म्हणून दंड काढल्यावरही हैफाचे पालक उशिराच येत राहिले.

खडूसरावांसाठी: आयर्लंडमध्येही पिशव्या हळूहळू पुन्हा वाढू लागल्या आणि २००७ मध्ये आकारणी २२ सेंट करावी लागली. निरोप जुना होतो, तेव्हा आकड्यालाच काम करावं लागतं.

---

खडूस_वाचक

हे मान्य. हैफाचा निकाल एका शहरातल्या दहा पाळणाघरांचा आहे एवढं लक्षात ठेवून मान्य.

---

तिसरी_घंटा

माझं उत्तर चुकलं, पण चर्चा भारी चाललीये. न्यायाचं काय झालं पण? कर लावला की तो गरिबाच्या खिशाला जास्त टोचतो. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर आले ते इंधनावरच्या करवाढीवरून. निरोप पोचला, पण ‘आमच्याच माथी का’ असा पोचला.

---

धुरांडे

अगदी बरोबर. म्हणून जमा झालेल्या पैशाचं काय करता हे कराच्या दराइतकंच महत्त्वाचं ठरतं. स्वित्झर्लंडमध्ये तापवण्याच्या इंधनांवर २००८ पासून कार्बन आकारणी आहे. तिच्यातला साधारण दोन-तृतीयांश पैसा लोकांना आणि उद्योगांना परत जातो, लोकांचा वाटा माणशी सारखा. जो कमी जाळतो त्याला भरल्यापेक्षा जास्त मिळतं. पण गंमत बघा, तो परतावा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वळता होतो, त्यामुळे अनेकांना तो मिळतोय हे जाणवतच नाही. पैसा परत गेला, निरोप वाटेत हरवला.

---

फुकट्या_प्रवासी

फुकट वाचून लाज वाटली म्हणून थोडी वर्गणी.

पर्यावरण म्हटलं की हार्डिन यांची १९६८ ची सामायिक कुरणाची गोष्ट सगळे सांगतात. प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण संपतं. त्या गोष्टीतल्या माणसांना तोंडच नाही. ती एकमेकांशी बोलतच नाहीत! एलिनॉर ओस्ट्रॉम यांनी खऱ्या कुरणांवर काय होतं ते पाहिलं. स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावात १५१७ चा नियम होता: हिवाळ्यात जेवढी गुरं स्वतः पोसू शकता तेवढीच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात पाठवायची. मोजायला सोपा, फसवायला अवघड, आणि सगळ्यांना न्याय्य वाटणारा. सरकारी मालकी नाही, खासगीही नाही. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांची पदवी राज्यशास्त्रातली होती, हे अर्थशास्त्रवाल्यांनी हलकेच घ्यावं.

---

सीमांत_उपयोगी

म्हणजे चौथ्या प्रयत्नात मी वक्र न काढताच अर्धा विषय फिरून आलो. ताई, तुम्ही माझ्या वाक्याकडे परत येणार होतात.

---

जुनी_वही

येते. जरा सावकाश वाचा, कारण इथेच सगळं एकत्र येतं.

समवृत्ती वक्रावर कोणतेही दोन बिंदू घ्या. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला तुम्ही जे सोडाल, तेच उलट येताना मागाल. वक्राला दिशा नसते. हे पुस्तकात कुणी मोठ्याने सांगत नाही, पण गृहीत हेच आहे.

१९९० मध्ये कानेमान, नेच आणि थेलर यांनी ४४ विद्यार्थ्यांपैकी २२ जणांना कॉफीचे साधे मग (कप) दिले. बाजार मांडला. हे मग एकाआड एकाला वाटलेले, त्यामुळे ज्यांना मग जास्त आवडतो असे निम्मे लोक मगाविना असणार आणि साधारण ११ मग हात बदलणार, असा पुस्तकाचा अंदाज. चार फेऱ्यांत एकदाही चारच्या वर गेले नाहीत. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी मागितलेला भाव इतरांच्या बोलीच्या दुपटीवर होता. त्याच मुलांना आधी आकडा छापलेली टोकनं दिली होती, तेव्हा बाजार पुस्तकाबरहुकूम चालला. म्हणजे मुलं ढ नव्हती. आपलं झालेलं सोडताना दुखतं, एवढंच.

म्हणजे तुम्ही कुठे उभे आहात यावर वक्राचा उतार बदलतो. तुम्ही तीनदा अडलात ती जागा हीच.

आता धुरांड्यांच्या प्रांतात या. अर्थशास्त्रज्ञ कोस यांनी १९६० मध्ये म्हटलं की सौदा करायला काही खर्च येत नसेल, तर धूर सोडायचा हक्क कारखान्याचा की स्वच्छ हवेचा हक्क शेजाऱ्याचा, याने शेवटी किती धूर होईल यात फरक पडत नाही. दोघं बसून ठरवतील. पैसा कुणाकडून कुणाकडे जाईल एवढंच बदलेल. मगचा प्रयोग थेट याच विधानाला लावून पाहा.

---

सीमांत_उपयोगी

थांबा ताई, मला करू द्या.

हवा कारखान्याची असेल तर शेजाऱ्याला विचारायचं: धूर थांबवायला तू किती देशील? हवा शेजाऱ्याची असेल तर विचारायचं: धूर सोसायला तू किती घेशील? पुस्तकात दोन्ही उत्तरं जवळपास सारखी. मगसारखं झालं तर दुसरं उत्तर दुपटीहून मोठं. म्हणजे हक्क कुणाचा हे आधी ठरतं आणि धुराचं प्रमाण त्यावर ठरतं. न्यायाचा प्रश्न हिशेबानंतर येतो असं समजत होतो, तो तर हिशेबाच्या पहिल्या ओळीत बसलाय!

---

धुरांडे

आणि हे कागदावरचं राहिलेलं नाही. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं. जे लोक तिथे कधी जाणारही नाहीत त्यांच्या लेखी त्या किनाऱ्याची किंमत किती, हे सर्वेक्षणाने मोजावं का, यावर वाद झाला. अमेरिकी सरकारच्या नोआ या संस्थेने केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९९३ मध्ये सांगितलं की मोजता येईल, पण लोकांना ‘किती द्याल’ असं विचारा, ‘किती भरपाई घ्याल’ असं नको, कारण पहिला आकडा सावध येतो.

सावध म्हणजे लहान. किनारा लोकांचा होता, तेल दुसऱ्याने सांडलं, आणि प्रश्न मात्र असा विचारायचा की जणू किनारा लोकांना विकत घ्यायचाय.

---

खडूस_वाचक

समितीची बाजू घेतो. ‘किती घ्याल’ विचारलं तर लोक वाटेल तो आकडा सांगतात, खिशातून काही जात नसतं. कोर्टात तो टिकला नसता. तत्त्वाने दुसरा प्रश्न बरोबर असेल, मोजायला पहिलाच बरा. तत्त्व आणि मोजपट्टी एकाच बाजूला पडली नाहीत, यात लबाडी कुणाचीच नाही.

---

धुरांडे

लबाडी मीही म्हणत नाही. पण चूक दर वेळी एकाच दिशेला पडत असेल, तर कुणाच्या बाजूने पडते हे विचारायला नको?

---

तिसरी_घंटा

आणि जे अजून जन्मलेच नाहीत त्यांना ‘किती द्याल’ही विचारता येत नाही आणि ‘किती घ्याल’ही. त्यांच्या वतीने आपण डिस्काउंट रेट, म्हणजे पुढचा पैसा आजच्या भावात आणायचा दर, ठरवतो. आत्ताच करून पाहिलं: शंभर वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान दर साल १.४ टक्क्याने आजच्या भावात आणलं तर २५ रुपये येतात, ४ टक्क्याने आणलं तर २. १.४ च्या आसपासचा दर हवामानबदलावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालाचा. अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांचा त्याच्या बराच वर. दोघांचं विज्ञानावर फारसं भांडण नव्हतं, वाद मुख्यतः या दरावर होता.

---

जुनी_वही

घंटाताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तो मावणार नाही.

सीमांत, तुमचा क्रम चालेल. फक्त वक्र शेवटी ठेवू नका, आजच काढा. एकाच आलेखावर दोन: एक मग हातात असताना, एक नसताना. छेदतात का बघा. पुस्तक म्हणतं की समवृत्ती वक्र एकमेकांना कधीच छेदत नाहीत.

---

सीमांत_उपयोगी

काढले. छेदतात. आता पुस्तकातली ती सिद्धता पुन्हा वाचतोय, की नेमकं कोणतं गृहीत मोडलं. रात्री लिहितो.